परमुलखाच्या वेशीवर

हल्ली वैशाख सरतो न सरतो तोच आमच्या तालुक्यातील कित्येक घरांत बांधाबांध सुरू होते. कोणाचा मुलगा न्यू जर्सीस, कोणाची कन्या मेलबर्नला, कोणाचे जावई दुबईस. नातवंडाचे मुख पाहावयास निघालेली वडील मंडळी मेतकूट, भाजणी, सांडगे, गोडा मसाला यांची पुडकी करतात, शेजारून वजनकाटा आणवितात, आणि पेटी ठरलेल्या किलोंच्या आत बसली की हुश्श करतात. पेटीच्या वजनाविषयी जेवढी चर्चा होते तिच्या दशांशानेही, ज्या कागदांच्या आधारावर हा सारा प्रवास उभा असतो त्या कागदांविषयी होत नाही. ते काम मुलाने तिकडे बसून संगणकावर करून टाकलेले असते. त्यात काय लिहिले आहे हे, ज्याच्या नावाने लिहिले त्यासच बहुधा ठाऊक नसते. आम्हांस ही गोष्ट चिंतेची वाटते, आणि आमच्या वाचकांचे लक्ष तिकडे वेधावे एवढ्याचसाठी हा लेख.

सरहद्द म्हणजे काय, हे फुलंब्रीकरांस कोणी शिकवावयास नको. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आमचा गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. येथून सिल्लोड, अजिंठा करीत घाट उतरून फर्दापूर मागे टाकले की पुढे इंग्रजी खानदेश लागे. अंतर ते केवढे! परंतु इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार रुपया. इकडे कचेरीची भाषा उर्दू, तिकडे इंग्रजी-मराठी. आणि मधे करोडगिरीचा नाका. माल न्यावयाचा की आणावयाचा, जकात चुकत नसे. आमच्या घरातील वडीलधारी मंडळी सांगत असत की, जळगावाहून लग्नाचा बस्ता आणणे म्हणजे अर्धा जीव नाक्यावर ठेवणे. लुगड्यांच्या घड्या उलगडल्या जात, पावत्या मागितल्या जात, बैलांस ताटकळत उभे राहावे लागे. तथापि त्या नाक्याची एक गोष्ट होती. नाकेदार माणसास ओळखत असे. अमक्या कुळकर्ण्यांचा मुलगा, तमक्या वकिलांचा भाचा, एवढे कळले की कागदातील उणीव बोलण्याने भरून निघे. क्वचित चार पैशांनीही निघत असेल; ते असो.

आजच्या वेशीवर ही सोय उरलेली नाही. काचेआड बसलेला अधिकारी आपणांस ओळखत नाही, आणि त्याने ओळखू नये अशीच तेथील योजना आहे. त्याच्यापुढे दिवसाकाठी शेकडो माणसे येऊन उभी राहतात. त्याच्या लेखी माणूस म्हणजे हातातील कागद, पडद्यावरील नोंद आणि दोन-चार प्रश्नांची उत्तरे. ही तिन्ही परस्परांशी जुळली तर शिक्का मिळतो. न जुळली, तर भल्या माणसाची भूल आणि लबाडाची युक्ती ही दोन्ही त्यास प्रथमदर्शनी एकसारखीच दिसतात. सारा धोका आहे तो येथे.

भूल आणि लबाडी यांतील भेद आमच्या प्राचीनांस उत्तम ठाऊक होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मुद्राध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी आहे. एक माषक घेऊन त्याने मुद्रा द्यावी, आणि मुद्रा असेल त्यासच देशात शिरण्याची वा देशाबाहेर पडण्याची मोकळीक असावी, असा नियम. मुद्रा जवळ असणारा तो ‘समुद्र’. संस्कृत शिकविताना आम्ही हा शब्द मुद्दाम फळ्यावर लिहीत असू, कारण वर्गातील झाडून सारी मुले त्याचा अर्थ सागर असाच करीत. परंतु खरी मौज पुढच्या दंडविधानात आहे. देशातलाच मनुष्य मुद्रेवाचून सापडला तर १२ पण दंड. मुद्रा खोटी निघाली तर प्रथम साहसदंड. आणि खोटी मुद्रा बाळगणारा परदेशचा असेल तर उत्तम साहसदंड, म्हणजे सर्वांत जबर. मुद्रा नसणे ही चूक, खोटी असणे हा अपराध, आणि परक्याच्या हातून घडलेला तोच अपराध अधिक मोठा. आजच्या राष्ट्रांचे कायदेही थोड्याफार फरकाने ह्याच पायऱ्यांवर उभे आहेत. आपल्या गावी आपण घरचे असतो. विमानातून उतरलो की परके होतो, आणि पायरी आपोआप बदलते.

मधल्या काळात मात्र जग बरेच मोकळे होते. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेस वैद्यक शिकावयास गेल्या, तेव्हा त्यांच्या वाटेतील मोठा अडथळा परमुलखाच्या वेशीवरचा नव्हता, घरच्या वेशीवरचा होता. समुद्र ओलांडावा की नाही, ओलांडल्यास प्रायश्चित्त कोणते, ह्याचा काथ्याकूट इकडे चाले. पासपोर्टाचे राज्य खऱ्या अर्थाने सुरू झाले ते पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, आणि हिंदुस्थानात त्याचा कायदा झाला १९२० साली. तो कायदा, परकीयांविषयीचे १९३९ व १९४६ चे कायदे आणि विमान-जहाज कंपन्यांच्या जबाबदारीचा २००० सालचा कायदा असे चारही रद्द होऊन त्यांच्या जागी २०२५ च्या १ सप्टेंबरपासून आपल्या देशात एकच नवा कायदा आला आहे. जगभर वारा ह्याच दिशेचा आहे: नियम एकत्र, नोंदी यंत्रात, आणि क्षमेस जागा थोडी.

नोंद माणसाहून किती चिवट असते, ह्याचे एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे देशासाठी परागंदा झाले आणि मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून नावाजले गेले. पुढे देश स्वतंत्र झाला. परंतु इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीतील त्यांचे नाव कोणी खोडले नव्हते. ज्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी घर सोडले, त्या स्वतंत्र देशाची वेस प्रथम त्यांसच बंद झाली. पुढे तो निर्णय फिरला आणि ते नागपुरास येऊन राहिले. एवढ्या थोर माणसाची ही कथा, तर तुमचीआमची काय!

परंतु इतिहासात तरी कशास जावे? आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणची, आजच्या छत्रपती संभाजीनगरातली, एक हकीकत २०२१ साली सर्व वर्तमानपत्रांत आली होती. पासष्ट वर्षांच्या एका बाईंची ती आहे. त्यांचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही. ह्या बाई त्यापूर्वी सुमारे अठरा वर्षे, पतीच्या नातलगांस भेटावयास म्हणून पाकिस्तानात गेल्या. लाहोरात त्यांचा पासपोर्ट हरवला. पासपोर्ट नाही म्हणून ओळख नाही, ओळख नाही म्हणून तुरुंग. आणि त्या तुरुंगात अठरा वर्षे गेली. त्यांनी चोरी केली नव्हती, हेरगिरी केली नव्हती, कोणास फसविले नव्हते. शेवटी सुटकेस उपयोगी पडले ते काय? औरंगाबाद शहरात सिटी चौक पोलीस ठाण्याच्या हद्दीत त्यांच्या नावावर एक घर होते. पोलिसांनी ती नोंद शोधून काढली, माहिती पलीकडे पोहोचविली, आणि २६ जानेवारी २०२१ रोजी त्या आपल्या गावी परतल्या. स्वर्गात आल्यासारखे वाटते, असे त्या म्हणाल्याचे छापून आले होते. पुढे ९ फेब्रुवारीस हृदयक्रिया बंद पडून त्या वारल्या. अठरा वर्षांच्या प्रतीक्षेनंतर पंधरवड्याचे घर!

ही हकीकत वाचून अनेकांनी हळहळ व्यक्त केली आणि पान उलटले. आमच्या मते तिच्यातील एकेक दुवा तपासून पाहण्याजोगा आहे. भारत व पाकिस्तान यांच्यातील व्हिसा देशाचा नसे, ठरावीक गावांचा असे. पोहोचल्यावर पोलिसांत हजेरी द्यावी लागे. म्हणजे कागद हरविणारा पाहुणा तेथे केवळ निष्काळजी ठरत नसे, संशयित ठरत असे. दोन्ही देशांत २००८ साली झालेल्या करारानुसार दर वर्षी १ जानेवारी व १ जुलै रोजी एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या दिल्याघेतल्या जातात. परंतु यादीत नाव आले म्हणून सुटका होत नाही. हा मनुष्य आमचाच, असे त्याच्या देशाने पुराव्यानिशी सांगावे लागते. आणि पुरावा असतो तो त्याच्या गावी, घराच्या उताऱ्यात, शाळेच्या दाखल्यात, मतदारयादीत. आपल्या पालघर जिल्ह्यातील मच्छीमार गुजरातच्या नावांवर कामास जातात आणि पाण्यावरची न दिसणारी रेघ ओलांडल्याबद्दल पकडले जातात. त्यांचेही घोडे ह्या शहानिशेपाशी अडून बसते. याउलट मुंबईच्या एका तरुण अभियंत्याची गोष्ट. २०१२ साली मैत्रीपायी तो अफगाणिस्तानातून खोट्या ओळखपत्रावर पाकिस्तानात शिरला आणि २०१८ च्या डिसेंबरात सुटून आला. त्याने केली ती कूटमुद्रा. ह्या बाईंच्या हातून झाले ते केवळ मुद्रा गमावणे. तरी तुरुंगवास कोणाचा अधिक झाला, हे वाचकांनीच पाहावे.

म्हणून पासपोर्टाच्या पहिल्या व शेवटच्या पानांच्या आणि व्हिशाच्या दोन प्रती काढाव्यात. एक प्रत पासपोर्टापासून निराळ्या पिशवीत, दुसरी घरी कर्त्या माणसापाशी. पासपोर्ट हरवल्यास त्याच दिवशी तेथील पोलिसांत तक्रार देऊन तिची प्रत घ्यावी आणि आपल्या वकिलातीकडे जावे. वकिलात परत येण्यापुरते तातडीचे प्रमाणपत्र देते. ते एकेरी असते, त्यावर पुढचा प्रवास होत नाही. आणि कोठे अडविलेच, तर आपल्या वकिलातीस कळवा असे म्हणण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना करारान्वये प्रत्येक प्रवाशास आहे. हे वाक्य तरी प्रत्येकाने त्या देशाच्या भाषेत पाठ करून जावे.

आता ज्या चुका आमच्या घराघरांतून होऊ शकतात त्यांकडे वळू. सर्वांत मोठी चूक दिवस मोजण्यातली. अमेरिकेचा पाहुण्यांचा व्हिसा बहुधा दहा वर्षांचा मिळतो. मंडळींस वाटते, दहा वर्षे केव्हाही जावे, कितीही राहावे. वस्तुतः व्हिसा म्हणजे दारापर्यंत येण्याची परवानगी. आत किती दिवस राहावयाचे ते दारावरचा अधिकारी ठरवितो, बहुधा सहा महिने. आणि ती तारीख ‘आय-९४’ नावाच्या नोंदीत जाते. पूर्वी तिचा कागद हाती पडे; २०१३ पासून विमानाने जाणारांची ती नोंद संगणकावरच असते आणि तेथूनच पाहावी लागते. समजा, आजी-आजोबा १० एप्रिलला पोहोचले आणि त्यांस ९ ऑक्टोबरची तारीख मिळाली. लेक म्हणते, आता आलाच आहात तर दिवाळी करूनच जा. व्हिसा तर दहा वर्षांचा आहेच! अशा रीतीने मुदत उलटून एक दिवस जरी झाला, तरी तो दहा वर्षांचा व्हिसा निकामी होतो. १८० दिवसांहून अधिक झाल्यावर देश सोडला तर तीन वर्षे प्रवेशबंदी. वर्ष उलटले तर दहा वर्षे. सत्तरीच्या माणसास दहा वर्षे म्हणजे काय, हे आम्ही लिहावयास नको. वस्तुतः मुदत संपण्यापूर्वी रीतसर अर्ज करून ती वाढवून मागता येते. पण त्यासाठी ती तारीख आधी घरात कोणास तरी ठाऊक पाहिजे. शिवाय अमेरिकन लोक महिना आधी आणि दिवस मागाहून लिहितात. त्यांचा ०५/०६ म्हणजे ६ मे, आमचा ५ जून. भिंतीवरच्या कालनिर्णयावर ती तारीख महिन्याच्या नावानिशी लिहून ठेवावी, आणि ती तिकीट काढणाऱ्या मुलाने नव्हे, आजोबांनी स्वतः लिहावी.

युरोपातील शेंगेन देशांचे गणित निराळे. तेथे कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येते, आणि उतरल्याचा व निघाल्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात. तीन महिने म्हणजे नव्वद दिवस असे धरून १ एप्रिलला गेलेला मनुष्य ३० जूनला निघाला तर त्याचे ९१ दिवस होतात. मराठी तिसरीच्या मुलास घालण्याजोगे हे उदाहरण आहे, पण ह्यावर पदवीधर चुकतात. पूर्वी शिक्क्यांची शाई पुसट असे, अधिकारी पाने उलटून कंटाळे. २०२५ च्या ऑक्टोबरपासून तेथे ये-जा यंत्रात नोंदविण्यास आरंभ झाला असून बेरीज यंत्रच करते. याखेरीज सिंगापूर, दुबई अशा ठिकाणी जाताना पासपोर्टाची मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी लागते. मुदत आहे, पण पुरेशी नाही, एवढ्यावरून माणसे विमानतळावरूनच परत फिरतात.

दुसरी चूक नावांची, आणि ती खास आपली. आपल्याकडे माणसाचे नाव तीन पदांचे: स्वतःचे, वडिलांचे वा पतीचे, आणि आडनाव. पासपोर्टात मात्र रकाने दोनच. कोणी वडिलांचे नाव पहिल्या रकान्यात घालतो, कोणी गाळतो, कोणी सारे नाव एकाच रकान्यात कोंबून आडनावाची जागा मोकळी सोडतो. अशा माणसाच्या अमेरिकन व्हिशावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ अशी तीन अक्षरे येतात, म्हणजे ‘पहिले नाव अज्ञात’. मग बँकेपासून दवाखान्यापर्यंत सर्वत्र हे गृहस्थ ‘एफएनयू’ म्हणूनच ओळखले जातात. हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट नव्हे. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ च्या नोव्हेंबरपासून पासपोर्टात एकच नाव असलेल्या माणसास पाहुण्याच्या व्हिशावर प्रवेश देण्याचे बंद केले.

स्त्रियांची अडचण ह्याहून मोठी. लग्नात ताटातील तांदळांवर सोन्याच्या अंगठीने नवे नाव लिहिले जाते. त्या क्षणी तिची शाळा, तिचे प्रमाणपत्र, तिची जन्मनोंद ही सारी जुन्या नावाने मागे राहतात. आधार नव्या नावाने, पॅनकार्ड जुन्या नावाने, बँकेचे पुस्तक ‘सौ.’ लावून आणि पासपोर्ट चौथ्याच तऱ्हेने, अशी कपाटे आम्ही पाहिली आहेत. लग्नानंतर नाव बदलावे अशी कायद्याची सक्ती मुळीच नाही. हौसेने बदलले तर सर्वत्र बदलावे, नाही तर कोठेच बदलू नये. सासूबाईंस नवे नाव हाक मारण्यापुरते पुरे! रोमन स्पेलिंगाचीही हीच कथा. एका क्षीरसागरांच्या घरी तीन भावांचे आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेले आम्हांस ठाऊक आहे. मुलाच्या व्हिशासाठी नाते सिद्ध करताना त्या तीन तऱ्हांपायी किती प्रतिज्ञापत्रे लागली ते तेच जाणोत. त्यातून आता जिल्ह्याचे नाव बदलले आहे. जुन्या दाखल्यांवर औरंगाबाद आणि नव्यांवर छत्रपती संभाजीनगर, ही दोन गावे नसून एकच आहे, हे परदेशच्या कारकुनास आपणहून कळणार नाही. अर्ज भरताना जन्मस्थान पासपोर्टात छापले असेल तसेच लिहावे. तेथे अस्मितेचा प्रश्न नाही.

तिसरी गोष्ट बोलण्याची. अधिकारी विचारतो, कशासाठी आलात? आमच्या बायका सरळ स्वभावाच्या. ‘सून नोकरीवर जाते, मुलास सांभाळावयास बाई ठेवली तर फार पैसे पडतात, म्हणून आम्हांस बोलाविले,’ असे कोणी सांगून टाकते. मुलाकडे राहण्यात, नातवास खेळविण्यात काहीच गैर नाही. परंतु ह्या उत्तरातून पाहुण्याच्या व्हिशावर कामास आल्याचा वास येतो आणि चौकशी लांबते. ह्यावर आमचे सुशिक्षित चिरंजीव उपाय काढतात तो रोगाहून वाईट. ते आईस पढवितात: मुलाचे नावच काढू नकोस, फक्त प्रेक्षणीय स्थळे पाहावयास आले असे सांग. मग पेटीतून बाळंतविडा निघतो! अमेरिकन कायद्यात जाणूनबुजून केलेल्या खोट्या निवेदनास कायमची प्रवेशबंदी आहे. माफीची वाट आहे, पण ती अरुंद. खरे तेवढेच, थोडक्यात, विचारलेल्या प्रश्नापुरते सांगावे: ‘मुलास व नातवास भेटावयास आलो, अमक्या तारखेस परत जाणार, हे परतीचे तिकीट.’ आणि समजले नाही तर ‘समजले नाही’ म्हणावे. न समजता मान हालवून ‘येस, येस’ म्हणण्याची जी आपली जुनी रीत आहे, तिच्यापायी माणसे नको त्या गोष्टी कबूल करून बसतात. मराठीचा दुभाषी मागता येतो. तो मागण्यात कमीपणा नाही.

आता पुडक्यांविषयी. दिवाळीचे अनारसे खसखशीवर थापल्यावाचून होत नाहीत; दुबईत मात्र खसखस मादक द्रव्यांत गणली जाते आणि ती बाळगल्याबद्दल तुरुंग आहे. सिंगापुरातही ती चालत नाही. खोकल्याची व दुखण्यावरची काही औषधे ह्याच यादीत येतात; ती न्यावयाचीच तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि तेथील परवानगी हवी. ऑस्ट्रेलियात खाद्यपदार्थ आहेत असे छापील पत्रकावर आपणहून सांगितले तर फार तर ते काढून घेतील. लपविले तर दंड होतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. परंतु ह्या साऱ्यांहून भयंकर ते दुसऱ्याने दिलेले पुडके. २०१९ साली मुंबईचे एक तरुण जोडपे कतारला फिरावयास गेले. हे पर्यटन त्यांस एका नातेवाईक बाईने भेट म्हणून दिले होते आणि बरोबर एक पुडके दिले होते. दोहाच्या विमानतळावर त्यातून चार किलो चरस निघाला. दोघांस दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. पत्नी गरोदर होती; मूल तुरुंगात जन्मले. इकडे नातलगांनी व पोलिसांनी पुरावे गोळा केले, तेव्हा २०२१ साली ती निर्दोष सुटून मुलीसह घरी आली. नात्यात ‘नाही’ म्हणणे आपणांस जड जाते हे आम्ही जाणतो. तरी पुडके आपल्या हाताने उघडून पाहिल्यावाचून पेटीत घालू नये, मग ते मामींचे असो की साडूंचे.

काही चुका अशा असतात की त्यांस चूक म्हणावे की काय, हा प्रश्न पडतो. २०२५ साली पुण्याच्या एका पन्नाशी उलटलेल्या गृहस्थांस मुंबईच्या विमानतळावर अटक झाली. बँकॉकच्या वाऱ्या घरच्यांस कळू नयेत म्हणून त्यांनी पासपोर्टाची पाने फाडली होती! त्यापूर्वी २०२२ सालीही असाच एक प्रकार मुंबईस घडला होता. घरातील वेस चुकवावयास गेले आणि सरकारच्या वेशीवर सापडले. पासपोर्ट आपल्या नावाचा असला तरी मालकी सरकारची. त्यात फेरफार केल्यास १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद आहे. तेव्हा नातवंडांस त्यावर चित्रे काढू देऊ नयेत, हेही ओघानेच आले.

आमच्या तालुक्यातील जी तरुण मुले आखातात कामास जाऊ पाहतात त्यांविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण त्यांच्या घरचे लोक सल्ला विचारावयास शेवटी गावातील शिकलेल्या माणसाकडेच येतात. दहावी उत्तीर्ण नसलेल्या माणसाच्या पासपोर्टावर परदेशगमनाच्या तपासणीचा शेरा असतो, आणि ठरावीक अठरा देशांत कामास जाताना त्यास १९८३ च्या कायद्याप्रमाणे सरकारी परवानगी काढावी लागते. जुन्या मॅट्रिकच्या दाखल्यास आता काय मोल, असे हिणवणाऱ्या मंडळींनी येथे तो पाहावा! दलाल काय करतात, तर ही परवानगी टाळण्यासाठी मुलास पाहुण्याच्या व्हिशावर पाठवितात आणि ‘तिकडे गेल्यावर बदलून घेऊ’ असे सांगतात. तेथे पहिल्या दिवशी कामास हात लावला की तो मुलगा गुन्हेगार होतो. मग मजुरी बुडाली तरी तक्रार करावी कोणाकडे? कोणी असा कागद घेऊन आपल्या ओसरीवर आला तर व्हिसा कामाचा आहे की भेटीचा, दलालाची सरकारदरबारी नोंदणी आहे की नाही, एवढे तरी वाचून पाहावे. सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ यादीत ती नोंद सापडते.

शेवटी पशुपतिनाथाची यात्रा. नेपाळास पासपोर्ट लागत नाही हे खरे, पण म्हणून कागदच लागत नाही असे नव्हे. विमानाने जाणाऱ्यास पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र दाखवावे लागते. आधारकार्ड चालते ते २०१९ च्या जानेवारीपासून, आणि तेही पंधराच्या आतील मुलांस व पासष्टीपुढील वृद्धांस. यजमान सदुसष्टीचे आणि मंडळी एकसष्टीच्या, दोघांपाशी आधारकार्ड तेवढे, असे जोडपे काठमांडूच्या विमानापाशी उभे राहिले म्हणजे यजमानांस वाट मोकळी आणि मंडळींस बंद. घरच्या कपाटात साड्यांच्या घडीखाली पडलेले मतदार ओळखपत्र निघण्यापूर्वी काढून पर्समध्ये टाकले, तर दोघेही एकाच विमानाने जातात.